गाडीत ‘उजेड पाडताना’...

पायाखाली निळा ग्लो, समोर पांढराशुभ्र झोत. रीलमधली गाडी आपल्या पार्किंगमध्ये आणणं वाटतं तेवढं अवघड नाही. फक्त पहिली वायर कापण्याआधी फ्यूज, रिले आणि समोरून येणारा माणूस, या तिघांची ओळख करून घ्या.

गॅदरिंगच्या दिवसांत रात्री कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. कुठल्या तरी गाडीचं दार उघडतं आणि आतून निळा, जांभळा नाहीतर केशरी उजेड मॅटवर सांडतो. गाडी म्हणाल तर बाबांची जुनी हॅचबॅक. शोरूममध्ये ‘ॲम्बियंट लाइटिंग’ या भारदस्त नावाने जे टॉप मॉडेललाच मिळतं, ते इथे कुणीतरी रविवारी दुपारी पार्किंगमध्ये आडवं पडून, तोंडात टॉर्च धरून बसवलेलं असतं.

आणि हे करणारे सगळे इंजिनीअरिंगवालेच असतात असं अजिबात नाही. बीकॉमवाले असतात, बीएवाले असतात, आमच्या मास कॉमच्या वर्गातही दोघं आहेत. बहुतेकांचा डिप्लोमा झालेला असतो गणपतीत! मंडळाच्या किंवा घरच्या मखराला एलईडी पट्टी कोणी लावली? यांनीच. तीन-तीन एलईडींच्या गटावर कापायची खूण असते, तांब्याच्या ठिपक्यावर वायर डकवायची, प्लस-मायनस उलटं लागलं तर पेटत नाही, हे सगळं तिथेच शिकून झालेलं असतं. मखराच्या पट्टीला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. गाडीत तर बॅटरीच १२ व्होल्टची. म्हणजे अडॅप्टरचाही खर्च वाचला. दोन वायरी जोडल्या की झालं.

इथेच खरी गोम आहे. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण शॉक बसणं वेगळं आणि आग लागणं वेगळं. घरात काही चुकलं तर एमसीबी खटकन पडतो. गाडीची बॅटरी मात्र इंजिन फिरवण्यासाठी क्षणात शंभराच्या वर अँपिअर द्यायला बनवलेली असते. तिच्या प्लसवरून थेट आणलेली एखादी बारीक वायर कुठे पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरी तो सगळा करंट त्या बिचाऱ्या वायरीतून ढकलते. वायर लाल होते, वरचं प्लास्टिक वितळतं आणि शेजारी असतं कार्पेट. गाडीचा सगळा पत्रा म्हणजेच बॅटरीचं मायनस, हे एकदा डोक्यात बसलं की गाडीच्या वायरिंगकडे बघायची नजरच बदलते.

यादीत दोन कामं

माझ्या एका मित्राने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा उद्योग करायचा ठरवला. (नाव छापायचं नाही, बाबा रोज पेपर वाचतात, ही त्याची अट.) गाडी बाबांचीच, बारा वर्षं जुनी. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे. शनिवारी ऑफिस सुटलं की पुण्याहून निघतात आणि सातारा जिल्ह्यातल्या गावी पोहोचेपर्यंत रात्र होते. हायवे सोडल्यावरचे शेवटचे वीसेक किलोमीटर म्हणजे दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये अंधार. बाबांची जुनीच तक्रार होती, हेडलाइट मिणमिणतो. मुलाला हवा होता पायाखाली केशरी उजेड. मग यादीत दोन कामं आली. आईचं म्हणणं होतं की दुसरं आधी करा. ते कोणी ऐकलं नाही.

खरेदीला मी सोबत गेले. पुण्यात या कामासाठी दोन ठिकाणं पुरतात. वायरी, एलईडी पट्ट्या, स्लीव्ह, मीटर हे सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. रिले, होल्डर, बल्ब, फ्यूज बॉक्स हे नाना पेठेत. मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोड सांगायला नकोच. काउंटरवर प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं मित्राला देत होते. ही गंमत दोन दुकानांत झाली. तिसऱ्या दुकानात मी ‘अडीच स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड द्या, सिंगल कोअर नको’ असं म्हटल्यावर काकांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मल्टिस्ट्रँड का? तर गाडी सतत थरथरत असते. घरात भिंतीत जाते तशी जाड एकतारी वायर थरथरून थरथरून जोडाजवळ तुटते. बारीक तारांचा जुडगा असलेली वायर वाकते, पण टिकते. याच कारणासाठी दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणं ही आपली राष्ट्रीय पद्धत गाडीत चालत नाही. उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि उघडा जोड लोंबकळायला लागतो. त्यापेक्षा थिंबल दाबून बसवायचं, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवायची आणि लायटरने नाही, हेअर ड्रायरने नाही, जमलं तर हीट गनने आवळायची. हीट गन मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असते. चहा पाजला की मिळते.

एक गोष्ट मात्र विकतच घ्या, साधा डिजिटल मल्टिमीटर. कुठल्या वायरीत करंट आहे हे ‘वाटतं’ यावर गाडीत काम करायचं नसतं.

पायाखालचा उजेड

बाजारात मिळणारी नेहमीची ५०५० पट्टी, मीटरला ६० एलईडी असलेली, मीटरमागे साधारण १४ वॅट खाते. पुढच्या दोन सीटसमोर, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला आतून, प्रत्येकी ३० सेंटीमीटर पुरते. म्हणजे एकूण ६० सेंटीमीटर, साडेआठ वॅटच्या आसपास. भागिले १२ व्होल्ट. उत्तर पाऊण अँपिअरपेक्षा कमी. आठवीतलं गणित आहे, पण हे गणित न करताच लोक दहाचा फ्यूज टाकतात. पाऊण अँपिअरच्या कामाला दोनचा किंवा तीनचा फ्यूज भरपूर झाला. पाती फ्यूजचे रंग ठरलेले असतात. तीनचा जांभळा, पाचचा फिकट तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा. फ्यूज हा पट्टीला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे तो जिथून करंट घेतलाय त्याच्या अगदी जवळ बसवायचा. पट्टीजवळ फ्यूज आणि बॅटरीपासून तिथपर्यंत दीड मीटर वायर उघड्यावर, असं असेल तर तो फ्यूज म्हणजे दाराबाहेर चोर उभा असताना कपाटाला लावलेलं कुलूप.

आता करंट घ्यायचा कुठून? तीन रस्ते आहेत. थेट बॅटरीवरून घेतला तर पट्टी विसरून चालू राहू शकते. छोट्या गाडीची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-अवरची. पाऊण अँपिअरने एका दिवसरात्रीत ती निम्मी रिकामी होईल आणि सोमवारी सकाळी बाबा गाडीला चावी लावतील तेव्हा नुसतं ‘टक टक’ ऐकू येईल. दुसरा रस्ता म्हणजे छताच्या दिव्याची लाइन. दार उघडलं की पट्टी पेटते, बंद केलं की विझते. दिसायला हेच सगळ्यात भारी. पण इथे एक खोच आहे. बऱ्याच गाड्यांत छताच्या दिव्याला प्लस कायम मिळत असतं आणि दाराचं बटण मायनस जोडतं-तोडतं. हे माहीत नसेल तर पट्टीचं मायनस पत्र्याला जोडून माणूस विचार करत बसतो की दार लावलं तरी ही विझत का नाही. आणि नव्या गाड्यांत दार, दिवे, लॉक हे सगळं एका छोट्या कॉम्प्युटरच्या हातात असतं. त्याच्या वायरीला परस्पर भार जोडला तर तो बिघडू शकतो आणि त्याची किंमत ऐकून एलईडीचा शौकच उतरेल. वॉरंटीतल्या गाडीची एक जरी वायर कापलेली दिसली तर कंपनी हात वर करायला मोकळी असते, तेही आहेच.

तिसरा रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला. फ्यूज बॉक्समधला, चावी फिरवल्यावरच चालू होणारा एखादा फ्यूज शोधायचा (मीटर लागतो तो इथे). तो काढून त्या जागी ‘फ्यूज टॅप’ नावाचा छोटा तुकडा बसवायचा. मूळ फ्यूज त्यातच बसतो, शेजारी आपल्या पट्टीचा वेगळा फ्यूज बसतो. गाडीची एकही वायर कापायची नाही. नकोसं झालं तर उपटून मूळ फ्यूज परत लावला की गाडी जशी होती तशी. फक्त एअरबॅग, एबीएस किंवा इंजिनच्या फ्यूजला हात लावायचा नाही. म्युझिक सिस्टिमचा किंवा चार्जिंग सॉकेटचा घ्या.

मित्राने हाच रस्ता धरला. पट्टीच्या मागच्या चिकटपट्टीवर विसंबायचं नाही, उन्हाळ्यात ती हमखास सुटते. दर दहा सेंटीमीटरवर प्लास्टिकचे टाय मारायचे. आणि वायर नेताना क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हे तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघायचं. लोंबणारी वायर ब्रेकच्या पेडलमध्ये अडकली तर पुढे काय, हे लिहायची गरज नाही.

रंगाबद्दल माझं वैयक्तिक मत ऐकायचं असेल तर निळा टाळा. रीलमध्ये तो छान दिसतो कारण कॅमेऱ्याला आवडतो. रात्री गाडी चालवताना डोळ्यांना त्रास देतो आणि काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं. केशरी किंवा लालसर, तोही मंद. चालवताना एलईडीचा ठिपका थेट दिसता कामा नये, फक्त त्याचा उजेड दिसावा. बस्स. दोन तासांचं काम होतं, दुपारचे साडेचार तास गेले. त्यातला एक तास पडलेला स्क्रू शोधण्यात.

‘बल्ब गेलाय’ असं नसतं

मग हेडलाइट. आणि इथे प्रकरण खरं रंगलं.

बाजारात गेलं की पहिला सल्ला एकच मिळतो, ‘साधा बल्ब काढा, ९०/१०० चा टाका’. जुन्या हॅचबॅकमध्ये साधारणपणे एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५. त्याजागी ९०/१०० टाकला की उजेड वाढतो, खोटं नाही. पण गाडीची वायर, स्टिअरिंगजवळचा स्विच आणि बल्बचा होल्डर हे मूळ वॅटच्या हिशोबाने बनवलेले असतात. दीडपट, पावणेदोनपट करंट गेला की आधी होल्डर पिवळा पडतो, मग काळा, मग बल्बला चिकटतो. आतल्या रिफ्लेक्टरची चकाकीही उष्णतेने उडते आणि सहा महिन्यांत उजेड पहिल्यापेक्षा कमी. रस्त्यावर हा बल्ब बेकायदा आहे, ते वेगळंच.

मित्राच्या ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी बल्ब विकायला नकार दिला. त्यांनी आधी मीटर काढायला लावला. इंजिन चालू, हेडलाइट चालू. बॅटरीवर मोजलं तर १३.८ व्होल्ट. मग बल्बच्या होल्डरवर मोजलं, १२.३. दीड व्होल्ट वाटेत गायब!

वाटेत म्हणजे कुठे? बॅटरीपासून निघालेला करंट फ्यूज बॉक्सकडे जातो, तिथून डॅशबोर्डखालून स्टिअरिंगच्या दांडीवरच्या स्विचमध्ये, मग परत बॉनेटखाली आणि मग बल्बमध्ये. लांबलचक बारीक वायर, त्यात बारा वर्षांचे गंजलेले जोड. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज उष्णता बनून उडतं. आता तुम्ही म्हणाल, दीड व्होल्टने काय होतं, दहा-अकरा टक्केच ना? पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. तो व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. कॅलक्युलेटर काढा. १२.३ भागिले १३.८, त्याचा ३.४ वा घात. उत्तर ०.६८ च्या आसपास. म्हणजे सुमारे एक तृतीयांश उजेड रस्त्यावर पोहोचतच नव्हता. बल्ब चांगला होता. बाबांचे डोळेही (या बाबतीत तरी) ठीक होते. दोष होता वायरीत.

उपाय म्हणजे रिले. नाव भारी असलं तरी वस्तू काडेपेटीएवढी. आत एक छोटं विद्युत चुंबक आणि एक जाड स्विच. स्टिअरिंगचा स्विच आता बल्बला करंट देत नाही, फक्त रिलेला निरोप देतो, तोही एका अँपिअरच्या पाव भागाहून कमी करंटने. निरोप मिळाला की रिले बॅटरीपासून बल्बकडे थेट, जाड वायरीचा रस्ता उघडतो. घरात पाण्याच्या मोटरला स्टार्टर असतो ना, हिरवं बटण दाबायचं बोटाने आणि मोठा करंट सांभाळायचा स्टार्टरने, तसंच.

रिलेच्या खाली चार पायांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीचं प्लस येतं, ८७ वरून बल्बकडे जातं, ८५ आणि ८६ ही चुंबकाची दोन टोकं. बहुतेक सगळ्या कंपन्यांचे आकडे हेच, त्यामुळे एकदा पाठ केले की आयुष्यभर पुरतात. हेडलाइटला दोन रिले लागतात, एक डिपरला आणि एक अप्परला. डिपरचे दोन बल्ब मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ अँपिअरच्या जरा वर. त्याला अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ पंधराचा फ्यूज. सगळ्या वायरी काळ्या नळीदार पाइपातून न्यायच्या, इंजिनच्या गरम भागापासून आणि पंख्यापासून लांब. हे सगळं तयार हार्नेस म्हणूनही मिळतं. त्याचा एक कपलर गाडीच्या मूळ होल्डरमध्ये बसतो, त्यामुळे इथेही कापाकापी नाही. घेताना वायरीची जाडी बघून घ्या. स्वस्त हार्नेसमध्ये वरचं प्लास्टिक जाड आणि आतलं तांबं केसाएवढं, असला प्रकार सर्रास असतो.

एक सूचना मात्र ठळक अक्षरांत वाचा. सगळ्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लस तोडत नाही. काही गाड्यांत बल्बला प्लस कायम असतं आणि स्विच मायनस तोडतो. अशा गाडीत नेहमीचा हार्नेस जोडला तर गणित उलटं होतं. आधी मीटरने बघा, समजलं नाही तर इथे थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्यात कमीपणा काही नाही. मित्रानेही शेवटचे जोड काकांच्या देखरेखीखालीच केले. काकांनी जाता जाता हेडलाइटच्या मायनसच्या वायरी जिथे पत्र्याला जोडल्या होत्या तो स्क्रू उघडला, सँडपेपरने गंज घासला आणि पुन्हा आवळला. म्हणाले, अर्धं काम खरं तर इथेच असतं.

पुन्हा मोजलं, होल्डरवर १३.५. बल्ब तोच, ६०/५५ वॅटचाच.

वीस हजार लुमेनचा खोका

या सगळ्या उठाठेवीपेक्षा एलईडी बल्ब टाकला असता तर? पाच मिनिटांचं काम. नाना पेठेत असे खोके थप्पीने मिळतात. वर ‘वीस हजार लुमेन’ छापलेलं असतं. तुलनेसाठी सांगते, साध्या एच-४ चा ठरलेला उजेड अप्परला १६५० आणि डिपरला १००० लुमेनच्या जवळपास असतो. वीस हजार हा आकडा कोणी, कुठे, कसा मोजला हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. पण समजा खरंच जास्त उजेड असला, तरी प्रश्न उजेड किती याचा नाहीच. तो पडतो कुठे, याचा आहे.

एच-४ बल्ब हातात घेऊन नीट बघा. आत दोन फिलामेंट दिसतील. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे परततो. भिंतीवर डिपर टाकून बघा, वर अंधार आणि खाली उजेड अशी स्वच्छ रेघ दिसते. आपल्याकडे ती रेघ डावीकडे जरा वर चढते, म्हणजे डाव्या कडेचा पादचारी, सायकलवाला दिसावा आणि उजवीकडून समोर येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये. एवढा विचार त्या वाटीच्या आकारात आणि रिफ्लेक्टरच्या प्रत्येक पैलूत आहे. फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या हिशोबाने ठरलेली. आता तिथे दोन सपाट बाजूंना एलईडीचे चौकोन चिकटवलेला बल्ब आला की रिफ्लेक्टर गोंधळतो. रेघ फुटते, उजेड वर, बाजूला, झाडांवर, समोरच्याच्या काचेवर. चालवणाऱ्याला वाटतं, काय भारी प्रकाश आहे! कारण गाडीच्या नाकासमोरचा रस्ता दुधासारखा दिसतो. लांबचं मात्र उलट कमी दिसतं, कारण जवळच्या झगझगाटाने बाहुली आकसते.

एलईडी वाईट असं नाही हं. पांढरा एलईडी शक्य झाला तोच मुळी निळ्या एलईडीमुळे आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कंपनीतून एलईडी हेडलाइट घेऊन येणाऱ्या गाडीत लेन्स, रिफ्लेक्टर सगळं एलईडीसाठीच घडवलेलं असतं. हॅलोजनच्या घरात एलईडीला भाडेकरू म्हणून ठेवलं की बिघडतं. जर्मनीत २०२० मध्ये असे बदली एलईडी बल्ब पहिल्यांदा रस्त्यावर अधिकृत झाले, तेही चाचणी झालेल्या ठरावीक मॉडेलांपुरतेच.

समोरच्याचं काय होतं ते बघू. ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. डोळ्यांवर झगमगाट आला आणि तीन सेकंद काही दिसलं नाही, तर ५० मीटर गाडी आंधळी धावली. वय वाढतं तसा डोळ्यातल्या भिंगात उजेड जास्त विखुरतो आणि झगमगाटातून सावरायलाही जास्त वेळ लागतो. आपल्याला विशीत जो एक सेकंद वाटतो, तो बाबांच्या वयाला बराच लांबतो. आता त्या ५० मीटरमध्ये उसाची ट्रॉली ठेवा. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरवाल्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेरपर्यंत आलेला आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून कुणाचा तरी ‘वीस हजार लुमेन’ येतो, डोळे दिपतात आणि त्याच क्षणी पुढे ट्रॉली असते. मित्राचे बाबा हेडलाइटची तक्रार करत होते ती याच रस्त्यावरची. त्यांना रस्ता दुधासारखा नको होता. ट्रॉली वेळेत दिसायला हवी होती.

आरटीओ काय म्हणतं?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम वाचण्यासारखा आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवेल असा झोत चालत नाही, तो खाली वळवलेलाच हवा. समोरून येणाऱ्या बाइकवाल्याचे डोळे जवळपास तिथेच असतात, करून बघा. कंपनीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करण्याबद्दल कायद्याचं ५२ वं कलम आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ स्पेसिफिकेशन बदलणाऱ्या फेरफारांना नकार दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घ्या. दोन बदल, दहा हजार.

लाल-निळ्या लुकलुकणाऱ्या पट्ट्या बाहेरून दिसतील अशा लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं? १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवासुद्धा गेला. तुम्ही कोण लागून गेलात?

आतला मंद उजेड आणि मूळ वॅटच्या बल्बला दिलेला रिले यांनी बाहेर पडणाऱ्या झोताचा आकार बदलत नाही, म्हणून माझ्या मते मॉडचा हौशी कारभार इथपर्यंतच ठेवावा. तरी विम्याचा प्रश्न नको म्हणून ओळखीच्या सर्व्हिस सेंटरला एकदा विचारून घेतलेलं बरं.

शेवटचं काम राहिलं होतं, झोत लावण्याचं. हे फुकट असतं आणि कोणीच करत नाही. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी सपाट जागेवर, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस. समोर दहा मीटरवर भिंत. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारायची आणि तिच्याखाली दहा सेंटीमीटरवर दुसरी. डिपरची वरची कड दुसऱ्या रेघेवर यायला हवी. मित्राच्या गाडीत डावा दिवा वर बघत होता आणि उजवा जवळजवळ बंपरच्या पुढ्यात. हेडलाइटच्या मागे स्क्रू असतो, तो फिरवून पंधरा मिनिटांत दोन्ही जाग्यावर आले. सोसायटीच्या भिंतीवरच्या खडूच्या रेघांवरून चेअरमनकाका दोन दिवस चौकशी करत होते.

त्या शनिवारी बाबा गावी गेले. निघताना मित्राने डिकीत लाल रिफ्लेक्टर टेपचा एक रोल टाकला होता, चुलत्यांच्या ट्रॉलीसाठी. रविवारी रात्री परत आल्यावर बाबांनी विचारलं, किती वॅटचे बल्ब टाकलेस? जुनेच आहेत म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना, तर बॉनेट उघडून दाखवावे लागले. पायाखालच्या केशरी उजेडाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, बरा आहे, पडलेली चप्पल सापडते.